पांढरा राहिलेला दोरा

ताईने दांडक्याने रंगाच्या हंड्यातली पॅन्ट वर उचलली, पाणी निथळू दिलं आणि तिची शिवण उजेडाकडे धरली. मघापर्यंत विटकी, पांढुरकी असलेली पॅन्ट काळीकुळकुळीत झाली होती. शिवणीचा दोरा मात्र जसाच्या तसा पांढरा. म्हणजे आज पुन्हा बारीक ब्रश घेऊन बसणं आलं.

तेवढ्यात भाऊ दुकानात शिरला तो ओरडतच.

"ताई! स्वच्छ! कुठेच काही नाही!"

त्याच्या हातात हॉस्पिटलचं पाकीट होतं. लहानपणी ताईनेच त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि चाळिशी उलटली तरी गल्लीत तो भोंगाच होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. रिपोर्ट आणायला गेलेला हा माणूस येताना कोपऱ्यापासून सांगत आला, हे तिला समोरच्या चष्मेवाल्याकडे बघूनच कळलं. तो दुकानाबाहेर येऊन दोन्ही हात उंचावून उभा होता.

"तूच वाच," भोंगा म्हणाला. "डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढलाय. कुठेही काही उजळलेलं नाही. कुठेही म्हणजे कुठेही नाही!"

ताईने फडक्याला हात पुसले, कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.

तिच्या गळ्यातून थायरॉइडची गाठ काढली त्याला सात महिने झाले होते. कॅन्सरच व्हायचा तर हा त्यातल्या त्यात बरा, असं जो तो सांगायचा. असं सांगणाऱ्याला हंड्यात बुडवून काढावं, असं तिला वाटायचं. ऑपरेशननंतर आवाज बसला तो बसलाच. मग फुप्फुसांत बारीक ठिपके दिसले. त्यांच्यासाठी आयोडीनचं औषध द्यायचं ठरलं, आणि त्याआधी दोन आठवडे घरातलं नेहमीचं आयोडीनवालं मीठ बंद झालं. रंग नीट बसावा म्हणून हंड्यात मीठ ओतताना भोंगा म्हणायचा, "कापडाला ओंजळभर आणि तुला चिमूटभरही नाही. हा कुठला न्याय?"

ठिपके भुकेले राहिले की औषध चांगलं पितात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. आजार असेल तिथे औषध जाऊन बसेल आणि फोटोत तो भाग उजळेल. हे त्या सांगत होत्या तेव्हा भोंगा स्कूटर लावायला जागा शोधत खाली फिरत होता.

ताई आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि डॉक्टरबाईंना फोन लावला.

"मला हे तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"रंग चढलाच नाही. असंच ना?"



"हो. ठिपके आहेत, पण औषध घेत नाहीत. रोज घ्यायच्या गोळ्या आहेत. काही जणांमध्ये त्या आजार थोपवून धरतात. किती काळ, ते आत्ता नाही सांगता येणार. कधी सुरू करायच्या ते शुक्रवारी ठरवू. भावालाही घेऊन या."

ती बाहेर आली तेव्हा चष्मेवाला आत येऊन स्टुलावर बसला होता आणि भोंगा चार दिवस दुकान बंद ठेवून समुद्रावर जायचा बेत रंगवत होता.

"अरे, ऐक जरा," ती म्हणाली. तिचा घोगरा आवाज त्याच्या आवाजाखाली दबून गेला.

"वहिनी म्हणतील, आम्हाला सोडून चालले," असं चष्मेवाल्याच्या बायकोबद्दल म्हणत त्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. चष्मेवाला हसत आपल्या दुकानात गेला. भोंगा शीळ घालत दोरीवरचे कपडे काढू लागला. सात महिन्यांत त्याने एकदाही शीळ घातली नव्हती. ताईला स्वतःपेक्षा त्याचीच जास्त दया आली. शुक्रवारपर्यंत राहू दे की बिचाऱ्याचा जीव भांड्यात, असं तिने ठरवूनही टाकलं.

पण भोंग्याने फोन हातात घेतला.

"शुक्रवारची भेट रद्दच करून टाकतो. आता कशाला उगाच खेटे?"

तिने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने ओली पॅन्ट टेबलावर पसरली.

"हा दोरा बघ."

"पॉलिएस्टरचा आहे. नेहमीचंच रडगाणं."

"पांढरा आहे."

"असणारच. तो घेतच नाही आपला रंग."

"का? हंड्यात रंग कमी होता?"

"कमी कसला? कापड बघ ना, काळं ठिक्कर झालंय."

"मग त्या जागी दोराच नाही म्हणायचं?"

भोंगा हसला. "काय बोलतेस? समोर तर दिसतोय..."

तो थांबला. टेबलाच्या कडेला पडलेल्या पाकिटाकडे त्याने पाहिलं, मग तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे. फोन त्याने हळूच उपडा ठेवला.

"ठिपके?" त्याने विचारलं. एवढ्या हळू बोलता येतं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

"आहेत."

"तसेच?"

"तसेच. गोळ्या आहेत म्हणाल्या. बघू."

समोरून चष्मेवाल्याची बायको हात हलवत होती. भोंग्यानेही हात हलवला, आणि तो खाली घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. ताईनेच त्याचा हात धरून खाली आणला.

संध्याकाळी पॅन्टचा मालक येणार होता. शेगडीवर धरून तिने पॅन्ट वाळवली, टेबलाशी बसली, काळ्या शाईची बाटली उघडली आणि ब्रश घेतला. रंग न चढलेला दोरा टाक्याटाक्याने हाताने भरायचा, ही त्यांच्या दुकानाची जुनी रीत. वीस वर्षं हे काम तिचंच होतं. भोंग्याला ते सांगितलं की त्याला नेमकी बाहेरची कामं आठवायची.

त्याने तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. नाकावर चष्मा चढवला, पॅन्ट पुढ्यात ओढली आणि पहिला टाका भरला. शाई कडेला जरा पसरली. दुसरा बरा जमला. तिसऱ्याला त्याने श्वास रोखून धरला होता.

"पाच-सहा धुण्यांत निघून जाईल हं हे," ताई म्हणाली. गिऱ्हाइकांना ती नेहमी हेच सांगायची.

"माहीत आहे मला." भोंग्याने मान वर केली नाही. "निघालं की पुन्हा आणायचं. मी भरून देईन."

ताईने टेबलावरचा दिवा त्याच्या बाजूला सरकवला.