भोंगेकाकांचा पट्टा सैल झाला

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. कमरेचा, कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मी निष्ठेबद्दल बोलू लागलो की ऐकणाऱ्यांचा गैरसमज होतो.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड चामड्यातून कापलं, माझ्या कडा मेणाने घासल्या, पितळी बक्कल लावलं आणि पाच भोकं पाडली. ज्यांनी मला घेतलं त्यांचं त्याच आठवड्यात लग्न होतं. त्यांनी मला पाचव्या, म्हणजे सगळ्यांत घट्ट भोकावर लावलं. तिथेच मी सव्वीस वर्षं राहिलो.

माझे मालक बसस्थानकावर उद्घोषक होते. कोणती बस कोणत्या फलाटावर लागली, हे वरच्या काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगायचं. आवाज असा, की डुलक्या घेणारे प्रवासी खाडकन उठायचे आणि ज्यांची बस नाही तेही सामान उचलायचे. सारं आगार त्यांना भोंगेकाका म्हणे. त्यांना ते पदवीसारखं वाटे.

त्यांचा दुसरा अभिमान मी.

"लग्नातलंच भोक आहे अजून," ते लोकांना माझ्यावर टिचकी मारून दाखवत. "कंबर तसूभर वाढलेली नाही."

"कंबर नाहीच वाढली," काकू म्हणत. "पोट तेवढं वरच्या मजल्यावर राहायला गेलंय."

ते खरं होतं. माझ्यावरून ते सज्जासारखं पुढे आलं होतं. मला वाटे, एवढं मोठं पोट मी एकटा आवरून धरलंय. अवघड काम आलं की बाकीचे लोक बोलण्यात कंबर कसतात; काका मला धरून खरोखर कसत. त्या क्षणी माझ्यासारखा कर्तबगार पट्टा जगात नसे.

मग जळजळ सुरू झाली. आधी जेवणानंतर आंबट ढेकर, मग छातीत आग, मग घसा. सकाळी आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघे. आगारात प्रत्येकाकडे उपाय होता. ड्रायव्हर म्हणाले थंड दूध. तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या ओवा. मेहुण्यांनी लिंबू सांगितलं आणि शेजाऱ्यांनी खायचा सोडा. काकांना कोणाचं मन मोडवत नसे. त्यांनी एकाच सकाळी सगळं घेतलं. पोटात सर्वपक्षीय सरकार आलं आणि दुपारच्या आत कोसळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी घोगऱ्या आवाजात फलाट 'सात' सांगितला आणि तो 'आठ' ऐकू आला. एक बाई नोकरीच्या मुलाखतीला निघाल्या होत्या. त्या भलत्याच गावी पोचल्या.

आगारप्रमुख आवाज चढवणारे नव्हते. "काका, तुमचा मान आहे," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी मी स्वतः खाली उभा राहून ऐकेन. आवाज असाच असेल तर यंत्र बसवू. तुम्ही पार्सलच्या खोलीत."

पार्सलच्या खोलीत बोलायला फक्त खोकी असतात. त्या दिवशी काकांनी मला आणखी आवळायला पाहिलं. पण सहावं भोक नव्हतं.

काकूंनी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी बारीक नळी घालून घसा पाहिला. "गाठबीठ काही नाही. पोटातलं आम्ल वर येऊन घसा भाजतंय." मग पोट तपासायला त्यांनी माझं बक्कल काढायला लावलं. खाली बोटभर खोल लाल वळ होता.

"हे काय?"

"लग्नातलं आहे," काका अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. "तुम्ही मारलंत?"

"मी कशाला मारू? पट्टा आहे ना!"

"मग याला आधी सैल करा. पोट असं आवळल्यावर आम्ल जाणार कुठे? वरच."

मित्रांनो, मी आवरून धरलं नव्हतं. मी पिळत होतो. आपल्या निष्ठेने माणूस जळतोय, हे कळल्यावर चामडंसुद्धा ओशाळतं. मला दुसऱ्या भोकावर आणलं तेव्हा काकांनी इतका लांब श्वास घेतला, की तसा मी पहिल्यांदाच ऐकला.

बाकीचे उपाय मात्र अगदीच साधे निघाले. औषध थोडे दिवस. थोडं थोडं खायचं. चहा सकाळी एकच. सोडा बंद, लिंबू बंद; दुधाने बरं वाटतं ते तेवढ्यापुरतंच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे. आणि रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, म्हणजे सातला.

"सात वाजता मी ड्युटीवर असतो," काका म्हणाले.

"मग मी सातला तिथे असते," काकू म्हणाल्या.

आणि त्या आल्या. रोज, डबा घेऊन. दोन बसच्या मधल्या वेळात काचेच्या खोलीत दोघं जेवत.

"अगं, तू घरी सावकाश जेव की."

"म्हणजे मी नऊला जेवणार आणि तुम्ही समोर बसून वास घेणार? गप खा. चावून खा. तुमची बस सुटत नाहीये."

मी पराक्रम पुष्कळ ऐकलेत, पण नव्वद दिवस जेवून लगेच न लोळणारा माणूस मी एकच पाहिला. एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात त्यांनी तळलेलं हाणलं आणि दोन दिवस घसा बसला. काकूंनी नेमकं किती खाल्लं तेवढं विचारलं. त्यांनी खरा आकडा सांगितला. हा त्यातला सर्वांत मोठा पराक्रम.

तपासणीच्या दिवशी आगारप्रमुख खाली फलाटावर येऊन उभे राहिले. काकांनी मला पूर्ण सोडलं, खुर्चीच्या पाठीवर टांगलं, पाणी प्यायलं आणि माइक ओढला. जुना दणका नव्हता. थोडा हळू, पण स्वच्छ. एकेक अक्षर सुटं. खाली एका आजोबांनी पिशव्या उचलल्या आणि ते कोणालाही न विचारता बरोब्बर आपल्या बसकडे गेले. मला काचेतून दिसत होतं.

आगारप्रमुख वर आले. दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "यंत्राचं रद्द करतो. काका, एक विचारू? मलाही छातीत जळजळतं हो. तुम्ही रात्री किती वाजता जेवता?"

काकांनी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. बिचारा सगळ्यांत घट्ट भोकावर फुशारकीने चमकत होता.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा पट्टा असेल तर त्याला समजावून सांगा. पोटाला बोलायला तोंड नसतं. गाऱ्हाणं सांगायचं तर त्याला घशापर्यंत चढून यावं लागतं. त्याच्यावर तेवढी वेळ आणू नका.