संपाच्या महिन्यांतले नंबर

मी आत गेले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगाच भुवया उंचावायला नकोत. संप चालू असताना मी कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. ज्याला वाटतं टाकलं, त्याने माझ्या तोंडावर येऊन म्हणावं.

पंचाईत अशी की म्हणणारी तोंडावरच म्हणाली, आणि ती माझ्याच घरात राहते. वरच्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई, खाली मी आणि माझा नवरा. आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो आणि एकाच कारखान्यात कामाला लागलो. तिथे वाजवायचे कीबोर्ड बनायचे, विजेवर चालणारे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. जाऊबाई आतल्या सर्किटचं सोल्डरिंग करायच्या. मी तपासणीला होते. एकेक पट्टी दाबायची, कान देऊन ऐकायचं, सगळी बटणं फिरवून बघायची, आणि माल चोख असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला आपली खूण करायची. माझी खूण हिरव्या रंगाची, बरोबरची, शेपूट लांबच्या लांब. तसं शेपूट दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

कारखाना केव्हाच बंद पडला. तरी लाइनवरच्या आम्ही बायका वर्षातून एकदा भेटतो, गुडघ्यांची चौकशी करतो आणि त्या जुन्या फोरमनला पोटभर शिव्या देतो. यंदा तिथे एक पाहुणा आला. बँकेत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात आमच्या कारखान्याचे जुने कीबोर्ड जमवतो. असे शौकीन म्हणे देशोदेशी आहेत. कीबोर्डच्या पाठीवर ॲल्युमिनियमची छोटी प्लेट असते, तिच्यावर नंबर. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, मग क्रमांक. या लोकांनी आपापले नंबर याला कळवले आणि याने त्यावरून कोणत्या महिन्यात किती कीबोर्ड बनले याचा भलामोठा तक्ता मांडला. आम्ही त्याचं नाव तक्तेवाला ठेवून टाकलं. माणूस गुणी आहे, पण तक्ता म्हणेल ती पूर्व दिशा.

तर त्याने भिंतीवर एकेका कीबोर्डच्या पोटाचे फोटो दाखवायला सुरुवात केली. बायका नुसत्या चेकाळल्या. ही माझी खूण, ती तुझी खूण, हा रंग कुणी सांडला, असा गलका. मग माझी हिरवी खूण आली. मीही ओरडले, "ही माझी!" आणि त्याने खालचा नंबर वाचून दाखवला. संपाच्या वर्षाचा सहावा महिना.

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सहावा आणि सातवा, हे दोन्ही महिने आम्ही संपावर होतो.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे ती तू होतीस," एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. बाकीच्या माझ्याकडे बघेनात. खूण माझीच होती, मीच ओरडून सांगितलं होतं.

संप जाऊबाईंनी घडवून आणला होता, हे माहीत असल्याशिवाय त्यांचं वागणं कळायचं नाही. सोल्डरिंगचा धूर छातीत जायचा म्हणून पंखे मागितले होते आम्ही, सोन्याच्या बांगड्या नव्हत्या मागितल्या. दोन महिने फाटकाबाहेर बसलो. जाऊबाईंनी शिलाई मशीन विकलं, मी कानातलं मोडलं. शेवटी पंख्याचं एक पातंही न मिळता खाली मान घालून परत कामावर गेलो. त्या सकाळी फोरमन फाटकात उभा राहून हसत म्हणाला, "कशाला एवढं ताणलंत? तुमच्यातलीच एक रोज मागच्या दाराने येऊन काम करून जात होती." ते वाक्य जाऊबाईंच्या काळजात रुतून बसलं. चाळीस वर्षं त्यांनी आळीपाळीने प्रत्येकीवर संशय घेतला. फक्त माझ्यावर कधी घेतला नव्हता.

त्या दिवसानंतर वरून खाली हाक येईना. जिन्यात समोरासमोर आलो तर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून उतरायच्या. नवरा म्हणाला, "अगं, चाळीस वर्षांपूर्वीचं काय उगाळत बसलीस? दोघींचं वय काय, भांडताय काय." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुम्हाला कुणी फितूर म्हटलं असतं भर हॉलमध्ये, म्हणजे कळलं असतं. आणि भांडत कुठे आहोत? भांडल्या असत्या तर बरं झालं असतं!" तो बिचारा पेपर घेऊन गॅलरीत गेला.

मी तक्तेवाल्याला फोन केला. म्हटलं, "तू मला या वयात फितूर केलंस, आता तूच निस्तर. तो कीबोर्ड घेऊन ये."

आला बिचारा, कीबोर्ड बगलेत मारून. घाबरला होता. "काकू, मी फक्त नंबर वाचला हो," म्हणाला. मी त्याला बसवलं आणि नंबराची खरी गोष्ट सांगितली. प्लेटा आमच्याकडे बनायच्या नाहीत, बाहेरून यायच्या. दर महिन्याला त्या महिन्याच्या नंबरांचा खोका. संप झाला तेव्हा प्लेटवाल्याला 'थांब' म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. तो आपला खोके पाठवत राहिला. आम्ही परत आलो तेव्हा दोन महिन्यांचे भरलेले खोके गोदामाच्या कोपऱ्यात पडून होते. पुढे हिवाळ्यात त्या प्लेटवाल्याचं मशीन बिघडलं, नवीन प्लेटा येईनात, तेव्हा फोरमन म्हणाला, ते कोपऱ्यातले खोके फोडा. मी म्हटलंही होतं, अहो हे मागच्या महिन्यांचे नंबर आहेत. तर म्हणाला, कीबोर्ड काय नंबर बघून वाजतो?

"म्हणजे नंबर संपातला, पण कीबोर्ड हिवाळ्यातला," तक्तेवाला हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "पण काकू, हे झालं तुमचं म्हणणं."

"मग? माझं म्हणणं काय मी भाड्याने आणलंय?"

"तसं नाही हो. लोक पुरावा मागणार." मग स्वतःच टुणकन उठला. "थांबा. चिप!"

त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत सर्किटवर काळी चौकोनी चिप. तिच्यावर बारीक आकडे असतात हे मला कधी माहीतच नव्हतं, मला फक्त आवाज ऐकायचा असायचा. त्याने भिंग लावून वाचलं. चिप बनवणारे तिच्यावर वर्ष आणि आठवडा छापतात. वर्ष तेच होतं. आठवडा एकेचाळिसावा. म्हणजे दहावा महिना. जी चिप दहाव्या महिन्यात जन्माला आली, ती सहाव्या महिन्यात कीबोर्डमध्ये बसणार कशी?

मी टाळी वाजवली. तर हा पठ्ठ्या पुन्हा कपाळाला आठ्या घालून बसला. "एकच अडचण. ही चिप पुढे दुरुस्तीत बदललेली असू शकते. या चिपा खराब व्हायच्या. ही पहिल्यापासूनचीच आहे हे सोल्डरिंग बघून सांगणारं कुणीतरी हवं. पण एवढ्या वर्षांनी कोण सांगणार?"

मी वर छताकडे बघितलं. सांगणारी एकच बाई होती, आणि ती माझं तोंड बघत नव्हती.

नवरा म्हणाला, "आता काय त्यांच्या पाया पडणार?" म्हटलं, "पाया पडते माझी चप्पल!" कीबोर्ड उघडाच्या उघडा दोन्ही हातांनी उचलला आणि जिना चढायला लागले. तक्तेवाला मागून "काकू जपून, काकू वायर," करत येत होता. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दे म्हटलं. दार लोटलेलंच होतं. जाऊबाई स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. मी भाजी बाजूला सारली आणि कीबोर्ड त्यांच्यासमोर आदळला.

"वहिनी, मला काही बोलायचं नाही. तुम्ही फक्त एवढं बघा. ही चिप कारखान्यातली, की नंतर कुणी दुरुस्तीवाल्याने बसवलेली?"

त्या ढिम्म हलल्या नाहीत. "माझा काय संबंध?"

"संबंध आहे. चारचौघांत मला फितूर ठरवलंत ना? मग आता चष्मा लावा."

तक्तेवाल्याने भिंग पुढे केलं आणि चिपचा आठवडा, दुरुस्तीची शंका, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं या आता मान फिरवणार. 'दुरुस्तीतली आहे' एवढे दोन शब्द बोलल्या असत्या तरी विषय संपला असता. खोडून काढणारं कुणी नव्हतंच. पण सोल्डरिंग समोर आलं की बाईंना राहवत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा लावला, सर्किट उलटं केलं, उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग एक बोट सोल्डरिंगच्या टाक्यांवरून हळूच फिरवलं.

"हे माझं आहे," म्हणाल्या.

"नक्की, काकू?" तक्तेवाला.

"अरे, मी डावखुरी. चिपचे पाय आत घातले की सगळ्या जणी ते उजवीकडे वाकवायच्या, मी डावीकडे. फोरमन ओरडायचा, पण माझा टाका कधी सुटला नाही. हे बघ, सगळे डावीकडे. आणि यावर पुन्हा कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्याने खोललं असतं तर खालचा तांब्याचा पत्रा उचकटला असता." त्या बोलता बोलता थांबल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू नव्हतीस."

"नव्हतेच! आणि मी असले तर त्यात तुम्हीही होता. कीबोर्ड तुमच्या हातचा आहे!"

"मग कोण होतं?"

हा प्रश्न त्यांनी मला नाही, तक्तेवाल्याला विचारला. त्याने खिशातून फोन काढला. खाली असतानाच त्याने त्या दोन महिन्यांचे नंबर असलेल्या शौकिनांना निरोप धाडले होते, झाकण उघडा आणि चिपचा फोटो पाठवा. एकेक फोटो येत होता. चाळिसावा आठवडा. त्रेचाळिसावा. बेचाळिसावा. "काकू, आतापर्यंत जेवढे आले ते सगळे संपानंतरचे. संपातला एकही नाही."

"कुणीच आत गेलं नव्हतं?" जाऊबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या मेल्याने मला खोटं सांगितलं?"

"आणि तुम्ही खरं मानलंत," मी म्हटलं. राग होताच, कशाला लपवू. "त्याचं खरं, आणि माझं खोटं."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं, ते मला कळत होतं. "अगं धाकटे, कुणीच फुटलं नव्हतं तर आपण हरलो कशाने? मी एवढी वर्षं मनाची समजूत घालत आले, की एकीने दगा दिला म्हणून हरलो. नाहीतर जिंकलो असतो."

पण मी मऊ पडले नाही. मऊ पडायची ती वेळच नव्हती.

"हरलो, कारण त्यांच्याकडे थांबायला पैसा होता आणि आपल्याकडे घरी पोरं होती. म्हणून हरलो वहिनी. तुमच्यामुळे नाही आणि आमच्यातल्या कुणामुळे नाही. हरलो, पण एकही बाई हलली नाही. तुम्ही बसवलेल्या जागेवरून एकही हलली नाही! हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही, मी आता सांगतेय."

त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चुकलं माझं."

"इथे नको. जिथे बोललात तिथे बोला. त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर."

"बोलेन. माईक लावून बोलेन," म्हणाल्या, आणि जरा हसल्या. इतक्या दिवसांनी.

तक्तेवाल्याने एव्हाना टेबलावरच लॅपटॉप उघडून तक्ता दुरुस्त करायला घेतला होता. संपाच्या महिन्यांचे सगळे नंबर त्याने उचलून हिवाळ्यात नेऊन ठेवले. सहावा आणि सातवा महिना रिकामे झाले. त्या दोन रकान्यांत त्याने टाइप केलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

जाऊबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "हे काय लिहिलंस?"

"काकू, अजून सगळे कीबोर्ड कुठे सापडलेत? उद्या एखादा निघालाच तर? म्हणून सावधपणे..."

"सावधपणा तुझ्या बँकेत ठेव," जाऊबाई कडाडल्या. संपातला आवाज होता तो, मी ओळखला. "माहिती उपलब्ध नाही म्हणजे काय? माहिती तुझ्यासमोर बसलीय, खोकतेय. पुसून टाक ते. शून्य लिही. आणि कारणाच्या जागी लिही, संप होता, कुणीही आत गेलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? लिही."

त्याने लिहिलं. मग चाचरत म्हणाला, "खाली आधार द्यावा लागतो. कुणी सांगितलं, त्यांची नावं."

"लाइनवरच्या सगळ्यांची घाल. मी सांगते, तू लिही." त्यांनी भाजीची परात बाजूला केली आणि खुर्ची पुढे ओढली. "आधी हिचं." आणि माझं नाव त्यांनी पूर्ण सांगितलं, आडनावासकट. मग स्वतःचं. तक्तेवाला म्हणाला, आडनाव एकच आहे तर दोन्ही नावं एका ओळीत घेऊ का? जाऊबाई नाही म्हणाल्या. त्यांनी ते दोन वेळा लिहायला लावलं.