पाइपावरची लाल रेघ

तिसऱ्या वेळी आमचे पाणी खालच्या घरात उतरले, तेव्हा मी प्रयोगशाळेत तपासणीला आलेला एका औषध कारखान्याचा तराजू शून्यावर आणत होतो. फोन खालच्या काकूंचा होता. त्या शिवणकाम करतात आणि त्यांचे कापड बेतायचे टेबल नेमके आमच्या न्हाणीघराखाली येते. पहिल्या वेळी त्या ओरडल्या होत्या, दुसऱ्या वेळी रडकुंडीला आल्या होत्या. या वेळी त्या फक्त "आलं हो पुन्हा," एवढेच म्हणाल्या. नेहमीच्या पाहुण्याची वर्दी द्यावी तसे. त्या शांत स्वरानेच मला अधिक ओशाळवाणे झाले.

घरी पोहोचलो तेव्हा न्हाणीघरापासून बैठकीच्या खोलीपर्यंत पाणी पसरले होते. बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही, असा पहिल्या पुरापासून माझा हुकूम होता. दुपारी कपडे धुण्याचे मशीन लावून ते आडवे होत आणि काकूंनी दाराची घंटा वाजवली की जागे होत.

"मी बसवला होता रे पाइप," ते म्हणाले.

"हो बाबा."

"हात लावून पाहिला होता."

"हो. पाय वरच असू द्या."

एकाच "हो"मध्ये किती नकार मावतात, हे म्हाताऱ्या माणसाला बरोबर कळते. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मशीनचा निचऱ्याचा पाइप भिंतीतल्या नळीतून बाहेर येऊन फरशीवर पडला होता. मागच्या दोन्ही खेपांसारखाच. मी पाणी लोटले, टिपले, फडके पिळले, पुन्हा टिपले. मग नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेतल्या स्पिरिटने नळीचे तोंड, पाइप आणि फरशा पुसून काढल्या. स्वच्छतेच्या बाबतीत मी काटेकोर आहे. हे सगळे आटोपेपर्यंत दिवेलागण झाली आणि कंबर ताठ करणे हेही एक वेगळे काम होऊन बसले.

विचार करण्याची ताकद नव्हती, पण आकडे विचारावाचूनही दिसत होते. आठवड्यातून दोनदा मशीन मी लावतो, एकदा बाबा लावतात. माझ्या हातून एकदाही पाणी बाहेर आलेले नाही. पूर तीन, आणि तिन्ही वेळा घरात बाबा एकटे.

"आता तरी मान," ताई फोनवर म्हणाली. "त्यांना विसरायला होतं. पाइप बाहेर काढतात, बादली भरून घेतात आणि परत लावायचं राहतं. माझ्याकडे तळमजल्यावर खोली रिकामी आहे."

माझी थोरली बहीण चार तासांच्या अंतरावर राहते आणि तिचे म्हणणे सहसा बरोबर असते. बाबांना मात्र तिथे जायचे नव्हते. तिच्यावर त्यांचा राग नव्हता. पण इथे गॅलरीत त्यांचे कामाचे बाक होते, बाकाला पोलादी पकड बसवलेली होती, आणि गल्लीतली अडकलेली निम्मी कुलपे अजून त्यांच्याच हाताने उघडत. ताईकडे ते बसून खाणारे पाहुणे झाले असते. म्हणून दोन वेळा त्यांनी ठाम नकार दिला होता. तिसऱ्या पुरानंतर दोन दिवसांनी त्यांनी आपणहून ताईला फोन केला आणि म्हणाले, "रविवारी दुपारी ये. मी बॅग भरून ठेवतो."

मला हायसे वाटले. ते नाकारण्यात अर्थ नाही.

शनिवारी संध्याकाळी ते सदऱ्यांच्या घड्या घालत होते. चादर, शाल, टॉवेल, आठवड्याभराचे कपडे. सगळे पलंगावर ओळीने मांडलेले.

"इतके दिवस नाही म्हणत होतात. एकदम कसे तयार झालात?"

"माझा मलाच भरवसा राहिला नाही." त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. "रेघ मारल्याचं मला लख्ख आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो, तर रेघच नाही. एकदा नव्हे, तीनदा. न केलेलं काम केल्यासारखं आठवायला लागलं ना, की माणसानं गाशा गुंडाळावा."

"कसली रेघ?"

"कसली म्हणजे? खुणेची." मला एवढेही ठाऊक नसावे याचे त्यांना नवल वाटले. बाबांनी छत्तीस वर्षे कारखान्यात फिटरचे काम केले. "बोल्ट आवळला की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. रेघ सलग दिसली, तर बोल्ट जागेवर आहे. तुटलेली दिसली, तर सरकलाय. आठवणीवर विसंबायचं कामच नाही. पाइप नळीत बसवला की मी दोन्हींवरून एक रेघ मारतो. ताईची जुनी नेलपॉलिशची बाटली आहे ना, तिची."

मी पलंगाच्या कडेला बसलो. पाइपाच्या टोकापासून वीतभर वर एक लाल ठिपका आणि नळीच्या काठावर दुसरा. मला ते चित्र आठवले. तिन्ही वेळचे आठवले. स्पिरिटने जोर लावून घासले की तो रंग निघतो, हेही आठवले.

"बाबा, रेघ मी पुसली."

"कुठल्या वेळी?"

"तिन्ही वेळा. मला डाग वाटला."

"डाग," ते म्हणाले. हातातली घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. "अरे, दुसऱ्याची खूण पुसणाऱ्याला आमच्याकडे कुणी पान्याला हात लावू दिला नसता. तू पुसशील हे माझ्या मनात तरी कसं यावं?"

"तुम्ही मला विचारायचं होतं."

"तू 'हो बाबा' म्हणाला असतास."

मूळ नोंद कधीही खोडू नये, हे मी हाताखालच्या माणसांना गेली वीस वर्षे सांगत आलो आहे.

रविवारी सकाळी प्रश्न सुटसुटीत झाला होता. पाइप बसवलेला होता, म्हणजे तो आपणहून निघत होता. मग माझ्या वेळी का निघत नव्हता? मी माणसांची तुलना केली होती, कपड्यांची केली नव्हती. मी लावतो तेव्हा मशीनमध्ये चार सदरे असतात. बाबा आठवड्याच्या चादरी आणि टॉवेल एकदम घालतात. अर्धे रिकामे मशीन फिरवणे त्यांच्या मते पाप आहे. पडताळून पाहायचे, तर मशीन काठोकाठ भरायला हवे होते. आणि घरात मळका कपडा औषधालाही नव्हता.

बाबांनी दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिले.

"ही आहे की," ते म्हणाले.

घड्या घातलेले सदरे, शाल, चादर, सगळे आत गेले. बाबांनी पाइप नळीत वीतभर सरकवला, बाटलीतली कुंचली झटकली आणि एकही कंप न येता रेघ ओढली. मग ते न्हाणीघराच्या दारात खुर्ची घेऊन बसले, पाय उलट्या बादलीवर. मी आत स्टुलावर बसलो. काकूंना टेबलावर प्लास्टिक अंथरायला आधीच सांगून आलो होतो.

पहिली धुलाई नीट झाली. कपडे पिळायची वेळ आली तेव्हा मशीन घुमू लागले, मग थडथडू लागले, आणि एखादा जाडा माणूस बाकावर सरकून घेतो तसे इंच इंच पुढे सरकले. पाइप ताणला गेला. रेघेचे दोन तुकडे झाले. त्यांच्यात आधी नखाएवढे अंतर पडले, मग बोटाएवढे. पिळून निघालेले पाणी सोडायला पंप सुरू झाला, त्याच्या धक्क्याने पाइप नळीतून उसळून बाहेर आला आणि माझ्या पायांवर पाणी सोडू लागला. मी मशीन बंद केले.

"इतका ताणून का बसलाय हा?" बाबांनी विचारले. "पूर्वी ढिला असायचा."

"पूर्वी मशीन भिंतीतल्या नळीला लागून होतं. मी ते हातभर इकडे घेतलं. तो बाटल्यांचा रॅक बसवायला."

"रॅक कधी आणलास?"

"दीड महिना झाला."

"आणि पहिला पूर?"

"पाच आठवडे."

बाबांनी रॅककडे बोट केले. त्यांची जुनी पद्धतच आहे. माप ते स्वतः सांगत नाहीत, चुकणाऱ्याच्या तोंडून वदवून घेतात.

रॅक बाहेर गेला. मशीन जुन्या जागी आले. मशीनचा एक पाय अधांतरी होता; बाबांनी खुर्चीतूनच पान्याचा क्रमांक सांगितला आणि मी तो पाय फरशीला टेकवला. पाइप आता सैल पडत होता. मला तो कोपरापर्यंत आत सारून वर चिकटपट्टीने तोंड बंद करून टाकायचे होते.

"तोंड बंद करू नको," बाबा म्हणाले. "हवेला वाट नसली, तर मशीन भरत असतानाच पाणी पाइपातून बाहेर ओढलं जाईल. तुला सांगायला हवं का हे?"

नको होते. शाळेत शिकलेले सायफनचे तत्त्व मला येत होते. वापरायचे सुचले नव्हते. पाइप वीतभरच ठेवला आणि दोन ठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी नळीला बांधला; निसटणार नाही इतका घट्ट, पिचणार नाही इतका सैल. वर पुन्हा लाल रेघ. मशीन पुन्हा सुरू केले, आणि मी पुन्हा फरशी टिपू लागलो. त्या महिन्यात मी किती वेळा फडके पिळले, याची मोजदाद ठेवलेली नाही.

ताई आली तेव्हा मशीन निम्म्यावर आले होते. दारात उभी राहून तिने ओली फरशी पाहिली, माझी दुमडलेली पँट पाहिली.

"चौथ्यांदा?"

"या वेळी मुद्दाम," मी म्हणालो.

"बाबा, बॅग कुठंय तुमची?"

"आत फिरतेय," बाबा म्हणाले.

मी तिला सगळे सांगितले. रॅक, ताण, रेघ, स्पिरिट. ती ऐकत होती तसतशी तिची मान तिरकी होत गेली.

"म्हणजे पुरावा तू पुसलास आणि निकालही तूच दिलास. वा रे आमचे शास्त्रज्ञ!" ती स्टुलावर बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण बाबा, आज दोष पाइपाचा निघाला. उद्या तुम्ही खरंच काही विसरलात तर?"

"विसरेन की. तेव्हा ये आणि ने. पण विसरल्यावर ने."

मशीन पिळायला लागले. ते थडथडले, पण जागचे हलले नाही. पंप सुरू झाला. नळीत पाणी गडगडत उतरले आणि आवाज विरला. मी वाकून पाहायला गेलो, तर बाबांनी मला हाताने मागे सारले.

"तू बघ ताई. याला लाल दिसलं की पुसायचं सुचतं."

ताईने चष्मा कपाळावर सरकवला, गुडघे टेकले आणि बराच वेळ पाहिले.

"सलग आहे," ती म्हणाली.

बॅगेतले सगळे कपडे ओले होते आणि वाळायला दुसरा दिवस उजाडणार होता. ताईने दोरीवर पहिला सदरा टाकला. रिकामी बॅग तिने स्वतःच माळ्यावर ठेवली. बाबांनी मला खाली पिटाळले, "जा, काकूंना सांगून ये. पाइप कुणामुळे निघत होता ते, नावानिशी."

काकूंनी माझा कबुलीजबाब टाचण्या ओठांत धरून ऐकला. टेबलावरचे प्लास्टिक त्यांनी काढले नाही. एका चाचणीने काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना समजावण्याची गरज नव्हती.

"मग आजोबा नाही ना जात?" टाचण्या काढून त्यांनी विचारले.

"नाही."

त्यांनी खण उघडला, अडकलेल्या किल्लीसकट एक गंजके कुलूप काढले आणि माझ्या ओल्या हातावर ठेवले.

"आठवड्यापासून पडलंय," त्या म्हणाल्या. "ते चालले म्हणून दिलं नव्हतं."