नकल्याची सून

सासरा नकल्या आणि सून पेटंटवाली, असा योग जुळवायला गेलं असतं तर जुळला नसता. या घरात तो आपसूक जुळला, आणि त्यावर गल्लीने आपली भरपूर करमणूक करून घेतली.

सासऱ्यांचं एकेकाळी वर्कशॉप होतं. बाजारात नवा लायटर येवो की नवा ज्यूसर, थोड्याच दिवसांत त्याचा जुळा भाऊ यांच्या शटरखालून बाहेर पडायचा, तोही निम्म्या किमतीत. लोक त्यांना डुप्लिकेटशेठ म्हणत आणि ते खुशाल ओ देत. मग एका कंपनीची नोटीस आली, कोर्ट झालं, आणि शटर खाली आलं ते कायमचं. तेव्हापासून शेठ घरात बसून पंखा दुरुस्त करायचे. पंख्याला काही झालेलं नसायचं.

सून विज्ञानाची पदवीधर, एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात कामाला. कुणी नवं काही शोधून काढलं की त्याचा पेटंटचा अर्ज ती अथपासून इतिपर्यंत लिहायची आणि खाली सही साहेबांची व्हायची. सहीला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तशातली गत. फरक एवढाच, की ही आंधळी नव्हती. तिला चांगलं दिसत होतं आणि दिवसेंदिवस जास्तच खुपत होतं.

पहिल्या खेपेला ती लेखीत सपशेल आपटली. घरी येऊन रडत बसली नाही, भांडी आपटली. सासऱ्यांनी विचारलं, अडलं कुठं? ती म्हणाली, दाव्यात. दावा म्हणजे अर्जाचा जीव. आपला शोध नेमका कुठपर्यंत आपला, हे त्यात शब्दांनी बांधायचं असतं. शब्द ढिला पडला की दुसरा तिथून आत शिरतो. तिने घडीच्या स्टुलावर लिहिलेला दावा वाचून दाखवला. सासऱ्यांनी ऐकून घेतला आणि पोट धरून हसले.

"चार पाय म्हणालीस ना? मी तीन पायांचं काढतो. तुझी कंपनी बसेल बोंबलत."

झालं. त्या दिवसापासून पंखा सुटला आणि सून सापडली. रोज सकाळी ओट्याजवळ शिकवणी सुरू. ती डबा उघडायच्या किल्लीवर दावा लिहायची आणि सासरे तो फोडायचे. स्प्रिंग लिहिलं की म्हणायचे, मी रबर लावीन. स्क्रू लिहिला की म्हणायचे, मी चिकटवीन. हळूहळू ती 'चार' ऐवजी 'किमान तीन' लिहायला शिकली, 'स्प्रिंग' ऐवजी 'लवचीक साधन'. नवरा बिचारा दोघांच्या मधून चहाचा कप घेऊन वाकून जायचा. त्याने एकदा विचारलं, आज भाजी काय आहे? ती तंद्रीत म्हणाली, किमान एक.

या सवयीनेच घात केला. यंदाचा परीक्षेचा फॉर्म तिने भरला आणि शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'किमान एक पदवी'. फॉर्म शेरा मारून परत आला. वर आणखी शहाणपण असं, की रुबाबात पत्ता दिला होता ऑफिसचा. पाकीट गेलं थेट साहेबांच्या टेबलावर.

साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लोक हसले. तीही हसली, कारण चूक हसण्यासारखीच होती. पण साहेबांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांना न विचारता फॉर्म भरला होता आणि ती परवाना घेऊन गेली तर अर्ज लिहायचे कुणी, हा खरा पोटशूळ होता. ते म्हणाले, परीक्षा हवी की नोकरी, आत्ताच ठरवा. आणि मग, अगदी गोड आवाजात:

"बाई, तुमचे सासरे कोण ते ठाऊक आहे मला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कोण देणार?"

आता कुणी हसलं नाही. तिच्या कानशिलांना आग लागली. वाटलं, याच्या सगळ्या सह्या एकेक करून खोडाव्यात. तिने तसं काही केलं नाही. पाकीट उचललं, टेबलावरचा स्वतःचा कप उचलला.

"जास्तीत जास्त काय होईल, साहेब? एक नोकरी जाईल. ती मीच सोडते."

घरी तिने सगळं सांगितलं, साहेबांचं ते चोराचं वाक्य तेवढं गाळून. पण सासरे आयुष्यभर गाळलेलंच शोधत आले होते. त्यांनी ते काढून घेतलं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "परीक्षेत माझं नाव काढू नकोस, सूनबाई. माझ्यापायी तुझं नको बिघडायला." दुरुस्त केलेला फॉर्म तिने मुदतीच्या आत स्वतः नेऊन दिला, आणि शिक्षणाच्या रकान्यात पदवीचं नाव लिहिलं, एका शब्दाने कमी नाही की जास्त नाही.

लेखी पार पडली. तोंडीला समोर तिघं परीक्षक. मधल्या बाईंनी टेबलावर कपडे वाळत घालायचा चिमटा ठेवला आणि म्हणाल्या, समजा हा जगात आजच जन्मला, करा दावा. तिने लिहिला. बाईंनी चष्मा वर सारला आणि लागल्या फोडायला. स्प्रिंग काढली तर? लवचीक साधन म्हटलंय. लाकडाऐवजी दुसरं काही? लाकूड म्हटलेलंच नाही.

"आणि दोन पाती न जोडता एकच पट्टी वाकवली तर?"

"मी दोन पाती कुठं लिहिलीत? दोन टोकं लिहिलीत. ती एकाच तुकड्याची असली तरी माझ्या दाव्यातच येतात."

बाईंनी दुसऱ्या परीक्षकाकडे पाहिलं. ते कागद चाळत कौतुकाने म्हणाले, वकीलसाहेबांकडे होता ना तुम्ही, त्यांचीच तालीम दिसतेय. त्या खोलीत साहेबांचं नाव वजनदार होतं. नुसती मान हलवली असती तरी काम फत्ते होतं. तिलाही ते कळत होतं.

"नाही सर. सासऱ्यांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंच्या नकला केल्या, त्यापायी वर्कशॉप बंद पडलं. कुंपण कुठून तुटतं हे तोडणाऱ्याइतकं कुणाला कळत नाही. मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि मला त्याची लाज वाटत नाही."

बाईंनी चिमटा परत पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, या आता.

बाहेर बाकावर सासरे बसले होते. फोडला का कुणी, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही. आणि मी तुमचं नाव घेतलं. ते चिडले. एवढं बजावून सांगितलं होतं, हाताने पायावर धोंडा मारून घेतलास, असं बरंच बोलले. बोलता बोलता चष्मा काढला आणि किती तरी वेळ पुसत राहिले.

निकाल लागला. पास. निकाल बघितल्यावर ती पेढे आणायला गेली नाही की देवळात गेली नाही, तडक पेंटरकडे गेली. बंद वर्कशॉपचं शटर तिने तेलपाणी करून वर चढवलं, आत एक टेबल टाकलं. पेंटरने मजकूर ऐकून दोनदा खात्री करून घेतली, असं लिहितात का बाई कुणी? ती म्हणाली, मी लिहिते.

पाटीवर वर तिचं नाव होतं आणि परवाना क्रमांक. खाली ठळक अक्षरांत: 'सल्लागार, डुप्लिकेटशेठ. नकलांचा प्रदीर्घ अनुभव.'

सासरे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाटी वाचत होते. मग इकडे आले आणि म्हणाले, 'प्रदीर्घ' कशाला, 'किमान चाळीस वर्षं' लिही.