बडीशेपेची पिशवी

शर्मिला ढवळेच्या वकिलीत कोकेनचे आरोपी बरेच येऊन गेले होते. नऊवारी नेसून आलेल्या यमुनाबाई पहिल्याच.

त्या वर्ध्याहून वाघोलीला मुलाकडे आल्या होत्या. मुलगा शंभू खराडीला आयटी कंपनीत होता. रविवारी त्याने आईला खडकवासल्याचं धरण दाखवलं. त्याच दुपारी धरणाजवळच्या एका बंगल्यात पार्टीवर छापा पडला होता, त्यामुळे परतणाऱ्या प्रत्येक गाडीची झडती चालू होती. यमुनाबाईंकडे झिपची छोटी पिशवी मिळाली. आत बडीशेप होती. पिशवीला आतून चिकटलेली भुकटी प्रयोगशाळेने कोकेन ठरवली. पिशवी ज्यांच्या हातात होती, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला.

"मावशी, ही पिशवी आली कुठून?" शर्मिलाने विचारलं.

"सापडली जी घरात. चांगली दिसली, म्हणून वरून पुसून घेतली."

"घरात कुठे?"

यमुनाबाईंनी पंख्याकडे बघितलं. "आता काय ध्यानात राहते."

शेजारी शंभू मोबाईलमध्ये बघत होता. मोबाईल बंद होता.

शर्मिलाला उत्तर मिळालं आणि रागही आला. पण ते कोर्टात सांगण्यात अर्थ नव्हता. मुलाच्या बदल्यात सुटायला ही बाई तयार झाली नसती. तेव्हा जे कागदावर होतं, त्यावरच लढायचं तिने ठरवलं.

"वजन किती भरलं?" उलटतपासणीत तिने फौजदारांना विचारलं.

"बडीशेपेसकट अकरा ग्रॅम."

"बडीशेप वगळून?"

"काट्यावर आलं नाही."

"ती भुकटी आज कोर्टासमोर आहे?"

"तपासणीत संपली."

"मग कोर्टासमोर काय आहे?"

फौजदारांनी टेबलाकडे नीट बघून घेतलं. "बडीशेप," ते म्हणाले.

सरकारी वकील उठले. अंश असला तरी तो अमली पदार्थच, वजनाचा प्रश्न येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याने ते बरोबरच होतं. मग शर्मिलाने झडती घेणाऱ्या महिला शिपायाला बोलावलं.

"पिशवी तुम्ही शोधून काढलीत?"

"नाही. आजींनीच काढली."

"कशासाठी?"

"मला बडीशेप देत होत्या. उन्हात उभी आहेस, घे म्हणाल्या."

"तुम्ही घेतलीत?"

"ड्यूटीवर होते, मॅडम."

आत काय आहे हे माहीत असणारा माणूस ते पोलिसांना खायला देत नाही, एवढंच शर्मिला म्हणाली. न्यायाधीशांना ते पटलं. यमुनाबाई निर्दोष सुटल्या.

बाहेर व्हरांड्यात शंभू शर्मिलाजवळ आला. "मॅडम, ती पिशवी माझी होती."

"मला कशाला सांगताय? त्यांना सांगा."

त्याने सांगितलं. यमुनाबाई पदर सारखा करत राहिल्या. "मले माहीत आहे. तुया खिशातून मीच त काढली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबली होती."

शंभूने तिथूनच साहेबाला फोन लावून महिनाभराची रजा मागितली. कारण विचारल्यावर "मदर इज नॉट वेल," म्हणाला.

तेवढं इंग्रजी यमुनाबाईंना येत होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"नाही सर," शंभू म्हणाला. "आई बरी आहे. मीच बरा नाहीये."