चूक सरांची

बाबांना गाडीने उडवलं तेव्हा ते झेब्रा क्रॉसिंगच्या बरोबर मधोमध होते. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होता, लख्ख ऊन पडलेलं होतं, आणि तरीही रस्त्यावर बसल्या बसल्या त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "चूक माझी." हे मला कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईंनी सांगितलं. दुसरं वाक्य त्याहून वरचढ. मोडलेला गुडघा दोन्ही हातांनी धरून ते गाडीतल्या बाईला म्हणाले, "घाबरू नकोस. आधी हँडब्रेक ओढ. आता दोन्ही इंडिकेटर लाव. आरशात बघ, मागून कोणी येत नसेल तरच दार उघड."

ती बाई आरशात बघून उतरली आणि "सर!" म्हणून किंचाळली. ती बाबांची जुनी विद्यार्थिनी निघाली. आता दातांची डॉक्टर आहे, चाळिशीची आहे, पण बाबांकडे शिकली तेव्हा कॉलेजात होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते असं.

तर हे आमचे बाबा. गावभर त्यांना सर म्हणतात, कारण अर्ध्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवलं आहे. त्यांच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच आहे. शिकणाऱ्याचं लक्ष गेलं की सरांनी तो ब्रेक दाबायचा. म्हणजे शिकाऊ माणसाने कुणाची भिंत पाडली, कुणाची सायकल चेपली, तरी चूक सरांचीच, कारण सरांचा पाय ब्रेकवर होता. या धंद्याचा हा पहिला नियम. त्यामुळे ठोकर बसली की गाडी पुरती थांबायच्या आत बाबा दार उघडून बाहेर आणि हात जोडून, "चूक माझी, साहेब." शिकणारा आत बसून थरथरतोय आणि हे बाहेर उभं राहून शिव्या खातायत, हे दृश्य मी लहानपणापासून पाहिलं आहे. आई म्हणायची, "लोकांच्या चुका बरोब्बर उचलून घरी आणतो हा माणूस, सांगितलेली भाजी तेवढी विसरतो."

पण अहो, त्या दिवशी तुम्ही गाडीत नव्हतात! रस्त्यावर होतात! पायी! तुमच्यापुढे कुठला ब्रेक होता?

मी एका कुरिअर कंपनीत तक्रारी ऐकायचं काम करते. दिवसभर कानाला फोन. पार्सल फुटलं, चूक पाठवणाऱ्याची. पार्सल हरवलं, चूक पत्ता लिहिणाऱ्याची. इतक्या वर्षांत "चूक माझी" असं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही, आणि भेटला तो घरातच, गुडघ्यात सळई घालून पलंगावर पडलेला.

पोलीस हवालदार जबाब घ्यायला हॉस्पिटलात आला तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते. परत येऊन बघते तर काम फत्ते. बाबांनी स्वतःहून सांगितलं होतं की मी नीट पाहायला हवं होतं, गाडी वळताना दिसत होती, मी थांबायला हवं होतं, ताईंचा काही दोष नाही. हवालदारही बिचारा चक्रावलेला. मला म्हणाला, "मॅडम, एवढं चांगलं बोलणारा जखमी मी पहिल्यांदाच पाहिला." मी कपाळाला हात लावला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, यांनी तर आधीच मोडलेल्या पायावर पाडून घेतला.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. भरपाईसाठी अर्ज केला तर विमा कंपनीने कळवलं की जखमी इसमाने स्वतःच चूक कबूल केलेली असल्यामुळे कंपनी काही देणं लागत नाही. आणि गुडघ्याची एक मोठी शस्त्रक्रिया अजून व्हायची होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ती केली तर नीट चालता तरी येईल, नाही केली तर काठी कायमची. ती आमच्या ऐपतीत नव्हती. गाडी शिकवणं बंद, म्हणजे घरात माझा पगार आणि आईचे सल्ले एवढंच येत होतं.

मी एका वकीलबाईंना गाठलं. अपघाताच्याच केसेस करतात. छोटं ऑफिस, दोन खुर्च्या, भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे आणि पंखा असा की कागदांवर काही ना काही ठेवावंच लागे. त्यांनी बाबांना समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं.

"सर, हा दावा त्या डॉक्टरबाईंच्या खिशावर नाही. तुम्हाला वाटतंय तसं त्यांचं घर विकायला लागणार नाही. गाडीचा विमा आहे, पैसे कंपनी देणार. विमा असतो कशासाठी?"

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," बाबा म्हणाले.

"बरोबर आहे. पण शहाणा माणूस आपण होऊन चूकही कबूल करत नाही, त्यामुळे तो प्रश्न तुमच्यापुरता मिटला." मला बाई एकदम आवडल्या. "हवालदारापुढे बोललात ते शेवटचं नसतं. तुम्ही धक्क्यात होतात, औषधांच्या गुंगीत होतात, हे मी मांडीन. फुलवालीची साक्ष आहे. पण कोर्ट आधी तडजोडीला बसवेल, तिथे तुम्हाला स्वतःच्या तोंडाने दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, चूक गाडी चालवणाऱ्याची होती. दोन, या दुखापतीमुळे तुम्हाला तुमचं काम यापुढे करता येणार नाही. बस. दोन वाक्यं."

"पहिलं खोटं आहे आणि दुसरंही खोटं आहे," बाबा म्हणाले.

"पहिलं खोटं कसं?"

"तिला मी पास केलं. परीक्षेला नेण्याआधी मी म्हणालो होतो, तू आता तयार आहेस. ती वळताना नेहमी गडबडायची, वळणाचा अंदाज यायचा नाही तिला. ते मी पक्कं करून घ्यायला पाहिजे होतं. ते कच्चं राहिलं आणि तेच मला लागलं. मग चूक कोणाची?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"आणि दुसरं?" त्यांनी विचारलं.

"गुडघा आहे तो. बरा होईल. दोनेक महिन्यांत मी परत गाडीवर."

हे ऐकून माझा पारा चढला. डॉक्टरांनी माझ्यासमोर, त्यांच्यासमोर, आईसमोर सांगितलं होतं की शस्त्रक्रिया झाली तरी हा गुडघा पूर्वीसारखा झटकन वाकणार नाही. चालता येईल, जिना चढता येईल, पण ब्रेकवरची घाई विसरा. बाबांनी तेव्हा मान डोलावली होती आणि वर डॉक्टरांना विचारलं होतं, "तुमच्या मुलाचं लायसन झालं का?"

पुढचे महिने मी घरात रोज भांडले. जेवताना भांडले, भांडी घासताना भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. "दोन वाक्यं बाबा, दोनच वाक्यं! मी दिवसभर अनोळखी लोकांकडून दोनशे ऐकते!" ते शांतपणे म्हणायचे, "तू फार मोठ्याने बोलतेस, फोनवरही असंच बोलतेस का?" एकदा तर मी म्हणाले, तुम्हाला सर म्हणवून घ्यायची चटक लागली आहे, म्हणून ती बाई चुकली हे सहन होत नाही. ते वर्तमानपत्र उलटं धरून वाचत बसले.

एक दिवस मी कामावरून लवकर परतले तर आईने मला मागच्या दाराने स्वयंपाकघरात घेतलं आणि ओठांवर बोट ठेवून पुढच्या खोलीत बघायला सांगितलं. बाबा खुर्चीत बसले होते. समोर जमिनीवर त्यांनी एक वीट ठेवली होती. ते स्वतःशी पुटपुटायचे, "ब्रेक!" आणि उजवा पाय उचलून विटेवर ठेवायचे. पाय निघायचा, पण जड लाकडासारखा, आणि विटेवर पोचेपर्यंत एखादं पोर रस्त्यात आलं असतं तर संपलंच असतं. पुन्हा "ब्रेक!" पुन्हा तेच. घामाघूम झाले होते.

"रोज चालतं हे," आई म्हणाली. "तू कामावर गेलीस की. त्यांना बोलू नकोस."

मी बोलले नाही. पण खरं सांगते, मला दया यायच्या आधी रागच आला. माणसाला सगळं कळतंय आणि तरी आम्हाला महिनोन् महिने नाचवतोय.

तडजोडीचा दिवस उजाडला. कोर्टाच्याच इमारतीत एक लांबट खोली, मोठं टेबल, एका बाजूला आम्ही तिघं, बाबा, मी आणि वकीलबाई. दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचा अधिकारी, फार गुळगुळीत बोलणारा, आणि त्याच्या शेजारी दातांच्या डॉक्टर. त्यांना बहुतेक तंबी दिलेली होती, कारण त्या मूग गिळून बसल्या होत्या. टेबलाच्या टोकाला मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई, पेन उघडून तयार.

कंपनीच्या अधिकाऱ्याने सुरुवात केली. "सर, आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे. तुम्ही रस्त्याचे जाणकार. तुमच्यासारख्या माणसाला गाडी येताना दिसलीच असणार ना?"

"दिसली," बाबा म्हणाले.

मी टेबलाखाली मुठी आवळल्या.

"मग थांबता आलं असतं?"

"आलं असतं. पण मला वाटलं ती वळण पुरं घेईल आणि थांबेल. तिचं वळण पहिल्यापासून कच्चं. तिची घाई होते, स्टिअरिंग उशिरा सोडते. ते माझंच शिकवणं..."

"सर, मी वळणात चुकले नाही."

डॉक्टरबाई बोलल्या होत्या. अधिकाऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवायचा प्रयत्न केला, त्यांनी तो झटकला.

"वळण तुम्ही मला इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतही चुकणार नाही. मी फोन बघत होते. एका पेशंटचा निरोप आला होता, वेळ बदलून द्या म्हणून. मी उत्तर लिहीत होते. रस्त्याकडे माझं लक्षच नव्हतं. यांनी मला बोलू नका सांगितलं होतं. पण तुम्ही स्वतःला दोष देत बसता, ते मला ऐकवत नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. भिंती पडल्या, सायकली चेपल्या, लोकांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या तेव्हाही हा माणूस चिडला नव्हता.

"फोन?" ते म्हणाले.

"हो, सर."

"चालत्या गाडीत? वळताना?" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की न्यायाधीशबाईंचा पाण्याचा पेला कलंडला. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? गाडीत बसल्यावर जगात दुसरं काही नाही! माझ्या जागी शाळेतलं पोर असतं तर? म्हातारी असती तर? हे शिकवण्यातलं नाही, बाई, हे तुझं आहे! सगळं तुझं!" मग ते टोकाच्या खुर्चीकडे वळले. "लिहून घ्या. चूक माझी नाही. चूक हिची आहे."

वकीलबाईंनी माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. पहिलं वाक्य. मला नाचावंसं वाटलं. अधिकाऱ्याचा चेहरा आंबट झाला होता.

डॉक्टरबाई रडत होत्या. पेन चाललं होतं. ते थांबेपर्यंत बाबांचा रागही आला तसा उतरला. त्यांनी विचारलं, "आज इथे कशी आलीस?"

"बसने. तेव्हापासून मी गाडीला हात लावलेला नाही. बसलं की हात कापतात."

"हे चूक आहे," बाबा म्हणाले. आता तो त्यांचा नेहमीचा आवाज होता, गाडीतला. "भीती अशी सोडून दिली की घर करते. उद्यापासून सुरू कर. सकाळी लवकर, रस्ता रिकामा असतो. पहिले चार दिवस नुसती सरळ चालव. फोन घरी ठेव."

"तुम्ही शेजारी बसाल, सर? तुमच्या गाडीत? तुम्ही बसलात तर मला जमेल."

बाबा लगेच "हो" म्हणायला निघाले होते. मला दिसलं ते. तोंड उघडलं, मानही हलली. मग त्यांनी खाली, टेबलाखाली, आपल्या पायाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"नाही, पोरी," ते म्हणाले. "माझा पाय आता ब्रेकवर वेळेत पोचत नाही. तुला काही झालं तर मला वाचवता येणार नाही. दुसरे कोणी सर बघ."

वकीलबाई पुढे झुकून न्यायाधीशबाईंना अगदी हळू म्हणाल्या, "हेही नोंदवून घ्यावं." पेन पुन्हा चालू लागलं. महिनोन् महिने ज्या वाक्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं तेच वाक्य कागदावर उतरत होतं, शस्त्रक्रिया होणार होती, आणि मला मात्र त्या बाईंच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटत होतं.