शिवांजलीचा गुलाल

उंब्रजच्या मानसिंग आबांनी उभ्या जन्मात दोन गोष्टी बदलल्या नाहीत, मिशी आणि पार्टी. आपल्याकडचे पुढारी सकाळचा चहा एका पार्टीत घेतात आणि दुपारचं जेवण दुसरीत. आबा मात्र फौजेतून रिटायर होऊन आले ते जिथं उभे राहिले तिथंच. म्हणून धाकटा भाऊ बाळासो पलीकडच्या पार्टीत गेला, तेव्हा त्यांनी भर चौकात सुनावलं, "आजपास्नं माज्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं न्हाई!"

बाळासोनं टाकलं नाही. घराला घर लागून, विहीर एक, पण पाच वर्षं भावाभावांत अबोला. कुंपणावरून कालवणाची वाटी तेवढी यायची. ते जावेच्या हातचं आहे हे आबांच्या मंडळी लीलाबाई सांगायच्या नाहीत, आणि पहिल्या घासाला ओळखूनही आबा गप्प जेवायचे.

त्यांची लेक शिवांजली अमेरिकेत. शहराबाहेरची श्रीमंत वस्ती, दारोदार हिरवळ आणि मोटारी. तिथले लोक बापजाद्यांपासून एकाच पार्टीला मत देतात, एवढ्यावरच आबांना ती वस्ती न बघता पसंत होती.

एका सकाळी तिचा फोन आला. "आबा, मी इथल्या टाऊन कौन्सिलला उभी राहिलेय."

आबांचा हात मिशीवर गेला.

"पण दुसऱ्या पार्टीकडून."

"म्हंजी तूबी फुटलीस?" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की लीलाबाई चुलीपुढून उठून आल्या. फोन आपटावा असं आबांना वाटलं. पण लेक सातासमुद्रापार. आपटला की तिचा आवाज परत कानावर कधी येणार? राग गिळून ते म्हणाले, "का गं पोरी?"

मग शिवांजली बोलत राहिली. तिच्या जुन्या पार्टीनं तिथल्या गावची लायब्ररी बंद करायचं ठरवलं होतं. तिनं मीटिंगमध्ये विरोध केला, कुणी ऐकून घेतलं नाही. हळूहळू अर्धी गल्लीच पार्टीतून बाहेर पडली. "मला झोप लागत नव्हती, आबा. सारखे तुम्हीच डोळ्यांपुढं यायचात."

आबांना गलबलून आलं. "शेजारी बोलत्यात का तुज्याशी?"

"शेजारची म्हातारी जुन्याच पार्टीची. तिच्या अंगणात तिच्या पार्टीच्या प्रचाराचा बोर्ड, माझ्या अंगणात माझा. काल वाऱ्यानं माझा पडला, तर तीच येऊन उभा करून गेली."

हे आबांना नवीनच होतं. आपल्याकडं विरोधकाचा बोर्ड पडला तर लोक वाऱ्याचे आभार मानतात. "मंग लढ. आन् कुणाच्या दारात गेलीस तर च्या घेतल्याबिगर उठू नगंस."

"काकाही हेच म्हणाले."

"कोण काका?"

"बाळासो काका. तुम्हाला हे कसं सांगू, ते विचारायला आधी त्यांनाच फोन केला होता. म्हणाले, 'दादा वरडतील. पर त्यांनी का केलंस म्हणून इचारलं, तर समदं सांग.'"

फोन संपला. आबा कुंपणाकडं बघत बसले. लीलाबाईंनी विचारलं, "आवं, काय झालं?" "काय न्हाई," म्हणाले, पण त्या दिवशी वाटीतलं कालवण त्यांनी नुसतंच बोटानं ढवळलं.

पुढं शिवांजली निवडून आली. बातमी गावात कशी पसरली कुणास ठाऊक, पण तासाभरात हलगी वाजायला लागली. सगळ्यात पुढं गुलालाचं ताट घेऊन बाळासो. आबांच्या फाटकाशी आल्यावर त्याचे पाय आपोआप थांबले. हलगीवालाही बिचकून थांबला. बाळासोनं ताट फाटकावरून आत धरलं.

"दादा, लेकीचा गुलाल हाय. तुमीच लावून घ्या."

आबा उठले. ताटाला त्यांनी हात लावला नाही. कडी काढली, फाटक सताड उघडलं आणि भावाचं मनगट धरून त्याला ओसरीवर आणून बसवलं. बाळासोनं त्यांच्या कपाळावर गुलाल ओढला. निम्मा मिशीवर सांडला, तो आबांनी पुसला नाही.

"बाळ्या, तू पार्टी का बदललीस रं?"

बाळासोचे डोळे भरले आणि त्याला हसूही आलं. "तवा सांगाय लय होतं, दादा. तुमी इचारलंच न्हाई. आता निम्मं इसरलो."

"व्हय? मंग ऱ्हायलेलं निम्मं सांग," आबा म्हणाले आणि त्यांनी आत चहा टाकायला सांगितलं.